भाऊजींना पाहुणे करू नका

नागपूरच्या एका वहिनींचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, मी शाळेत शिकवते. त्रिमूर्ती नगरात आमचा तीन बेडरूमचा फ्लॅट. आम्ही दोघं, दहावीतली लेक आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. धाकटे दीर ११ वर्षांपासून नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला. जाऊ तिथलीच, डच. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. दोन वर्षांतून एकदा नाताळात १६ दिवस येतात, मुक्काम आमच्याकडेच. मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी मुलांची पोटं बिघडली. जाऊ थंडीनं कुडकुडत होती, तर सासूबाई म्हणाल्या, 'बर्फातून येते अन् हिले इथं थंडी वाजते!' रोज भेटायला माणसं. मी पहाटे पाचला उठायचे, डबे, शाळा, आणि परत आले की रात्री बारापर्यंत ओट्याशी. शेवटी दीर म्हणाले, आम्ही आठवडाभर हॉटेलात जातो, तर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. 'माह्या पोरानं माह्या गावात येऊन हाटेलात झोपाव काय?' यंदा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा येताहेत. लेकीची पूर्वपरीक्षा तेव्हाच आहे. खर्चाचा विषय कोणी काढत नाही. यांना काही म्हटलं की 'दोन वर्षांतून एकदा तर येतो' एवढंच उत्तर. आता त्यांनी आम्हा सगळ्यांना मे महिन्यात तिकडे बोलावलंय, सासूबाईंनाही. हो म्हणवत नाही आणि नाही म्हणवत नाही. मी मनानं इतकी लहान कशी झाले? आणि हे लोक दिवाळीत का येत नाहीत?"

ताई, सगळ्यात लहान प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय. आधी त्याचंच उत्तर देते, कारण त्याच्यामागे बरीच वर्षं साचलेली अढी दिसते.

ते दिवाळीत येत नाहीत कारण त्यांना येता येत नाही. नेदरलँड्समध्ये मूल पाच वर्षांचं झालं की पुढच्या महिन्यापासून शाळा सक्तीची होते, आणि शाळा चालू असताना परवानगीशिवाय मुलांना फिरायला नेलं तर आईबापांना दंड होतो. ऑक्टोबरात तिथे एकच आठवड्याची सुट्टी असते. आपली दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यात, कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. ती त्या आठवड्यात सापडली तरी जाण्यायेण्यात तीन दिवस गेल्यावर उरतं काय? नाताळची सुट्टी मात्र दोन आठवड्यांची असते. दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरून नेमके १६ दिवस होतात. तुम्ही पत्रात लिहिलेला आकडा भाऊजींनी ठरवलेला नाही, मुलांच्या शाळेनं ठरवलाय.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिथे नाताळचे दोन दिवस असतात, २५ आणि २६ डिसेंबर, दोन्ही सुट्टीचे. बऱ्याच घरांत एक दिवस नवऱ्याच्या आईवडिलांकडे जातात, एक दिवस बायकोच्या. आपल्याकडे दिवाळीत पाडवा सासरी आणि भाऊबीज माहेरी, तसंच म्हणा. तुमची जाऊ दर दुसऱ्या वर्षी ते दोन्ही दिवस सोडून त्रिमूर्ती नगरात येते. तिची आई त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर चार ताटं कमी मांडत असणार. तुम्ही सणाला माहेर सोडलेलं आहे, म्हणून हे तुम्हाला मी जास्त समजावून सांगायची गरज नाही. यंदा २५ तारखेला तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावा, सासूबाईंनाही समोर बसवा. दोघींची भाषा वेगळी असली तरी हात हलवून हसता येतंच. सदरमधल्या चर्चमध्ये तिला जावंसं वाटतं का, तेही विचारा. नाही म्हणाली तर नाही, पण विचारलेलं तिच्या लक्षात राहील.

आता तुमच्याकडे येते. मनानं लहान झाले का, असं विचारता. मला पत्रात लहान मन कुठे दिसलं नाही. वर्षाचे ३६५ दिवस सासूबाईंच्या गोळ्या, पथ्य, दवाखाना सांभाळणारी आणि त्यावर १६ दिवस चार माणसांचं वाढीव घर चालवणारी बाई दिसली. तुमचा थकवा त्या १६ दिवसांचा नाहीच. मधल्या दोन वर्षांचा हिशेब त्या दिवसांत वर येतो, कारण ज्यांच्यासोबत तो वाटून घ्यायला हवा ते समोर बसलेले असतात, आणि तुम्ही त्यांना गरम पोळी वाढत असता.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. भाऊजींना पाहुणे करणं थांबवा. ते तुमच्या सासूबाईंचा मुलगा आहेत. १६ दिवस त्यांना मुलगा होऊ द्या.

माझ्या घरची गोष्ट सांगते. माझी नणंद कॅनडात असते. पंधराएक वर्षं ती यायची आणि मी तिला पाटावरून उठू द्यायची नाही. आम्हा सगळ्यांना तेच प्रेम वाटायचं. जाताना ती दर वेळी विमानतळावर रडायची, आणि मी घरी येऊन दोन दिवस अंथरुणावर पडायचे. एका हिवाळ्यात माझा हात मोडला. प्लास्टर घातलं आणि चौथ्या दिवशी ती आली. सासूबाईंची आंघोळ, त्यांच्या पायांना तेल, रात्री उठून बाथरूमला नेणं, सगळं तिच्याकडे गेलं. आठवडाभरानं मी तिला म्हटलं, अहो, तुमची सुट्टी गेली यात. ती म्हणाली, "वहिनी, आईच्या पायाला हात लावायला मला इतकी वर्षं कोणी सांगितलंच नाही." त्या वेळी ती विमानतळावर रडली नाही. मी मात्र रडले.

म्हणून सांगते, भाऊजी आले की दुसऱ्याच दिवशी आईंच्या गोळ्यांचा डबा त्यांच्या हातात द्या. सकाळची कोणती, जेवणाआधीची कोणती, हे त्यांनी शिकावं. डॉक्टरांची पुढची तारीख मुद्दाम त्या १६ दिवसांत घ्या आणि भाऊजींनी एकट्यांनी आईंना न्यावं. तुम्ही सोबत जाऊ नका, नाहीतर डॉक्टर तुमच्याशीच बोलतील. डोळे, दात, गुडघे, जे जे "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून राहिलंय ते त्यांना करू द्या. बँकेत काही काम अडलं असेल तर तेही. आणि एक शनिवार-रविवार, पूर्वपरीक्षेतून लेक मोकळी झाली की, तुम्ही दोघं तिला घेऊन तुमच्या माहेरी जा. दोन रात्री. घर, आई, गॅस, दूधवाला, सगळं भाऊजींकडे. काहीतरी चुकेल. कुकरची शिट्टी होणार नाही, वरण करपेल. करपू द्या. आईंना त्याचा राग येणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हॉटेलच्या प्रकरणात सासूबाई दुखावल्या त्या दोन कारणांनी, असं मला वाटतं. एक, ते अचानक निघालं, भांडण झाल्यासारखं. दुसरं म्हणजे लोक काय म्हणतील. त्यांचं दुःख खरं आहे, त्याला हट्ट म्हणू नका. तरीही एका बाथरूमवर चार-चार माणसं आणि दहावीची परीक्षा हेही खरंच आहे. घराजवळ एखादा रिकामा फ्लॅट किंवा रोजच्या भाड्यानं मिळणारी जागा पाहा. रात्रीची झोप आणि सकाळची आंघोळ तिकडे, चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं घरी. हे आईंना भाऊजींनी आत्ताच, येण्याआधी, स्वतः फोनवर सांगायला हवं. तुमच्या तोंडून गेलं तर ते "सुनेनं काढलं" होईल, त्यांच्या तोंडून गेलं तर "लेकाची सोय". जागा मिळालीच नाही तर त्यांनी हॉलमध्ये झोपावं. लेकीची खोली मात्र द्यायची नाही. या एका गोष्टीवर मी तडजोड सांगणार नाही. फेब्रुवारीत तिची बोर्डाची परीक्षा आहे. काका-काकूंनाही ते कळेल, त्यांना कोणी सांगितलं तर.

पोटं आणि थंडी, दोन्हींवर थोडं थांबते, कारण तिथे तुमचा दोष नसताना तुम्ही तो अंगावर घेतलाय.

आपली वेळ हिवाळ्यात त्यांच्या साडेचार तास पुढे असते. डच मुलं साधारण साडेसातला झोपतात, म्हणजे आपल्या रात्रीच्या बाराला. तेव्हा पहिले तीन-चार दिवस ती अर्ध्या रात्रीपर्यंत टक्क जागी राहणार आणि सकाळी उठता उठणार नाहीत. मागच्या वेळी बहुतेक त्याच दिवसांत मावशी, आत्या, शेजारी, सगळ्यांकडचा फराळ त्यांच्यापुढे आला असेल. अर्धवट झोपेतलं पोट, नवं पाणी, तेल-तिखट. तिसऱ्या दिवशी ते बिघडणारच. यंदा पहिले तीन दिवस घरी कोणाला बोलावू नका. मुलांना मऊ भात, वरण, तूप, धिरडी, केळी. पाणी उकळून गार केलेलं, दात घासायलासुद्धा तेच. बर्फ नको, बाहेरची कच्ची चटणी नको. ओआरएसची पाकिटं आधीच आणून ठेवा. आणि संत्री भरपूर द्या. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरात संपत आलेली असतात, पण मिळतात, आणि हातानं सोलून खायचं फळ म्हणून पोटालाही सुरक्षित. मुलांना सोलायला शिकवा, घरभर वास सुटू द्या. सावजी रस्सा मोठ्यांपुरता. सांबारवडी मुलांना द्यायची तर मिरची न घालता चार वेगळ्या तळा, आणि जावेला आधीच सांगून ठेवा की हा सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर ती इडलीची वाट पाहत बसेल.

थंडीचं म्हणाल तर जाऊ नाटक करत नव्हती. त्यांच्याकडे बाहेर थंडी असते, घरात नाही. तिथली घरं हिवाळ्यात आतून तापवलेली असतात, माणसं घरात साध्या शर्टात वावरतात. नागपूरला डिसेंबरात रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास येतं, कधी त्याखाली जातं, आणि आपली घरं मेच्या उन्हासाठी बांधलेली. गार फरशी, वाऱ्याला वाट देणाऱ्या खिडक्या. जॅकेट घालून रस्त्यावर फिरायची सवय असलेल्या माणसाला जॅकेट घालून झोपायची सवय नसते. फरशीवर सतरंज्या अंथरा, चौघांना घरात घालायच्या चपला द्या, रजया दोन दिवस उन्हात टाकून ठेवा, एक छोटा हीटर आणा. आणि सासूबाईंना हे कारण समजावून सांगा. त्यांना खवचटपणा करायचा नव्हता, नवल वाटलं होतं.

भेटीगाठींचा प्रश्न विदर्भात सोपा आहे, आपण उगाच अवघड करतो. घरोघरी जाणं नको आणि रोज कोणी येणंही नको. दुसऱ्या आठवड्यातला एक रविवार ठरवा आणि रोडगे करा. गच्चीवर चालत नसेल तर कोणाच्या शेतावर किंवा मोकळ्या जागेत. गोवऱ्यांचा जाळ, वांग्याची भाजी, वरण, तूप. करणारे लोक मिळतात, तुम्ही कणकेला हात लावायचा नाही. सगळे नातेवाईक एका दुपारी भेटतात, सासूबाई मधोमध खुर्चीत बसतात, पोट्टे धुरात खेळतात. कोणी रुसलंच तर म्हणा, रोडग्यांना या. ज्याला खरंच भेटायचं असतं तो येतोच.

फिरण्याचं नियोजन भाऊजींनी करावं, हे स्पष्ट सांगा. तुम्ही फक्त तीन गोष्टी कळवा. पहिली, डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. ते संपायचं असेल तोवर हॉटेलं भरलेली आणि सिव्हिल लाइन्स-सीताबर्डीच्या रस्त्यांवर बंदोबस्त, तेव्हा तारखा बघून ठरवा. दुसरी, ताडोबाच्या जंगलाचा गाभा (कोअर) मंगळवारी बंद असतो, नाताळात तिथली जागा मिळणं कठीण, आणि सफारीला पासपोर्ट जवळ हवेत. सहा वर्षांच्या मुलीला पहाटेच्या उघड्या जिप्सीत चार तास बसवणं जडच जाईल, त्यापेक्षा दुपारची फेरी बरी. तिसरी, जंगल हुकलं तरी हळहळू नका. मुलांना मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत नेऊन दुसऱ्या मार्गावर बसवलं तरी ती खूश होतात, त्यात महाराजबाग आणि फुटाळ्याची संध्याकाळ. जावेला सेवाग्राम नक्की दाखवा. नागपूरहून साधारण ७५ किलोमीटर. बापूकुटीची मातीची भिंत आणि शेणानं सारवलेली जमीन बघितल्यावर तिला तुमच्या देशातलं काहीतरी कळेल, जे मॉलमध्ये कळत नाही. आणि हो, परदेशी पासपोर्टवरची माणसं घरी मुक्कामाला आली की ज्यांच्याकडे उतरली त्यांनी २४ तासांत ती माहिती सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायची असते. हे हॉटेलांनाच लागू आहे असं लोकांना वाटतं, घरालाही आहे. हे काम तुमच्या यजमानांकडे द्या. त्यांनाही काहीतरी हवं.

त्यांच्याबद्दल आणि पैशांबद्दल एकत्रच बोलते. "दोन वर्षांतून एकदा तर येतो" हे वाक्य तुमचे यजमान भावाच्या प्रेमापोटी बोलतात हे मला मान्य आहे. पण त्या वाक्याची किंमत तुम्ही भरता, ते नाही. स्वयंपाकाला १६ दिवस दोन्ही वेळा मावशी, एक गाडी ड्रायव्हरसकट, आणि किराणा-दूध-फळं, एवढा खर्च भाऊजींनी उचलावा. त्यात कमीपणा काही नाही. त्यांनाही सांगून टाका की तुमच्या विमानाच्या तिकिटांना किती लागतात याची आम्हाला जाणीव आहे; नाताळात चौघांची तिकिटं वर्षातली सगळ्यात महाग असतात. एकमेकांचा खर्च एकमेकांना दिसला की पैशाची बोलणी कडू होत नाहीत. माझा अनुभव असा की तिकडे राहणारी माणसं विचारायला घाबरतात, वहिनींना वाटेल आम्ही पैशानं मोजतो. आणि इकडची माणसं सांगायला घाबरतात. असं करत दोन्हीकडचे वीस वर्षं गप्प राहतात.

आता मे महिना.

जा, असंच माझं मत आहे. तुमच्या शाळेला सुट्टी, लेकीची दहावी संपलेली, नागपूर ४५ अंशांवर तापलेलं. मेच्या पहिल्या आठवड्यात निघा आणि तीन आठवड्यांत परत या, कारण दहावीचा निकाल आणि अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मे-जूनमध्येच असतात. लवकर गेलात तर केउकेनहोफची ट्यूलिपची बाग बघायला मिळेल, ती साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होते. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या शाळांनाही सुट्टी असण्याची शक्यता असते. ती तारीख भाऊजींना विचारून तिकिटं काढा.

पण तिथे कशाला जाताय हे डोक्यात स्वच्छ असू द्या. सुट्टी संपली की सकाळी साडेआठला घर रिकामं होतं. कामाला बाई नसते. दुपारचं जेवण म्हणजे ब्रेड आणि चीज, तेही उभ्याउभ्या, आणि संध्याकाळी सहाला गरम जेवण. जाऊ तुमच्यासाठी दोन्ही वेळा ताट वाढणार नाही, आणि त्यात तुमचा अपमान नाही. तिच्याकडे ती तिच्या आईलाही वाढत नाही. तुम्ही स्वयंपाकघराचा ताबा घेतलात तर तिला ते आवडेलच असं नाही, आधी विचारा. एक दिवस आड तुम्ही, एक दिवस आड ती, असं ठरवलंत तर दोघी सुखी राहाल.

व्हिसाचं काम आत्तापासून हाती घ्या. तिकडे जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. भाऊजींकडे राहणार असल्याचं हमीपत्र त्यांना तिथल्या नगरपालिकेत सही प्रमाणित करून पाठवावं लागेल. सासूबाईंच्या विम्यात एक गोष्ट नीट वाचा, ती म्हणजे आधीपासूनच्या आजारांचा खर्च त्यात धरलाय का. बऱ्याच पॉलिसींमध्ये तो धरलेला नसतो, आणि ७८ व्या वर्षी आजार बहुधा आधीचाच असतो.

त्यांना न्यायचं की नाही, यावर मी थोडा जास्त विचार केला. मला अडचण विमानाची वाटत नाही, व्हीलचेअर आधी सांगून मिळते. मला अडचण वाटते जिन्याची. डच घरांतले जिने अरुंद आणि शिडीसारखे खडे असतात. झोपायच्या खोल्या वर, बाथरूमही बहुधा वर. भाऊजींना सांगा, दारापासून झोपायच्या खोलीपर्यंतचा चालत व्हिडिओ काढून पाठवा. तो आईंना दाखवा आणि त्यांनाच विचारा, दिवसातून एकदा हा जिना चढाल का? पलंग खाली हॉलमध्ये टाकला तर एकदाच चढणं पुरतं, बऱ्याच घरांत संडास खालीही असतो. त्या हो म्हणाल्या तर न्या, मनापासून न्या. लेकाचं घर एकदा डोळ्यांनी पाहिलं की फोनवर "आता स्वयंपाकघरात आहे का रे?" असं विचारताना त्यांच्यापुढे ते घर उभं राहील. नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका, आणि तुमचं जाणंही रद्द करू नका. मग त्या तीन आठवड्यांची व्यवस्था दोन्ही भावांनी मिळून करायची. रात्रंदिवस राहणारी बाई, कोणी जवळचं नातलग, जे जमेल ते. तो प्रश्न दोन मुलांचा आहे, एका सुनेचा नाही.

मात्र कोणी म्हणेल की व्हिसावर ९० दिवस राहता येतं, आईंना तीन महिने तिकडेच ठेवू, त्याला मी हो म्हणणार नाही. दिवसभर रिकामं घर, शेजारी बोलायला कोणी नाही, नातवंडांशी धड भाषा नाही. मेअखेरीस तिथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. ज्या बाई आयुष्यभर दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावून मग पानावर बसल्या, त्यांची दिवेलागणच होणार नाही. तीन आठवडे हे नवल वाटेल. तीन महिने जीव कासावीस होईल.

नातवंडांच्या भाषेचं काम मात्र आजपासून सुरू करता येईल. आठवड्यातून एकदा आजीनं फोनवर एकच मराठी शब्द शिकवायचा आणि मुलांनी आजीला एक डच शब्द. डिसेंबरपर्यंत दोन्हीकडे पाच-सहा शब्द होतात. तेवढ्यावर पत्ते खेळता येतात.

आणि ३१ डिसेंबर जावेच्या हाती द्या. त्या रात्री तिच्या देशात ऑलिबोलन तळतात. मैद्याचं आंबवलेलं पीठ, त्यात मनुका, गोळे तेलात सोडायचे आणि वरून पिठीसाखर. ऐकल्यावर तुम्हाला काय आठवलं? मला तर गुलगुलेच आठवले. ओट्यावर तिला जागा करून द्या. शेजारच्या शेगडीवर सासूबाईंना गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून गुलगुले सोडू द्या, बसायला उंच स्टूल ठेवा. तुम्ही बाहेर बसून खा.

पण हे सगळं एका फोनवर अवलंबून आहे आणि तो या रविवारीच व्हायला हवा. आपली दुपारची दीडची वेळ धरा, तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात. यजमानांना शेजारी बसवा, स्पीकर लावा. ते बोलले तर उत्तम. नाही बोलले तर तुम्ही बोला, आणि जागा, पैसे, मे महिना यांच्या आधी हे बोला: "भाऊजी, यंदा तुम्ही आलात की आईंच्या गोळ्या तुमच्याकडे. आणि २८ तारखेची डॉक्टरांची वेळ मी तुमच्या नावावर घेतेय."